लाल उजेडातली रेघ

आमचे हे विमान चालवायचे असं सांगितलं, की बायका माझ्याकडं अशा बघायच्या जसं काय मी बंगल्यात राहते. कसला बंगला आलाय! पैठण रस्त्याला, चितेगावच्या अलीकडं, एका शेटनं माळावर धावपट्टी करून क्लब काढला होता. पत्र्याची शेड, ऑफिसची एक खोली आणि दोन माणसांचं जुनं विमान. त्या विमानाचं वय माझ्याहून जास्त आणि तक्रारी माझ्या सासूबाईंहून जास्त. हे फुलंब्रीच्या शेतकऱ्याघरचे. औत धरायला मोठे भाऊ होते, म्हणून यांना उडायची मोकळीक मिळाली. पोरांना शिकवायचं आणि शेटला पुण्याला नेऊन आणायचं, हे यांचं काम.

त्या विमानाचा पेट्रोलचा काटा एक नंबरचा खोटारडा. टाकी कोरडी पडली तरी हा आपला थोडं हाय, थोडं हाय म्हणून सांगायचा. नवा काटा परदेशातून मागवावा लागणार होता, आणि शेटचा हात खिशात जाईपर्यंत आम्ही म्हातारे झालो असतो. मग वहाबभाईंनी, म्हणजे क्लबच्या मेकॅनिकनं, टाकी रिकामी करकरून बघितली आणि काचेवर बोट ठेवून सांगितलं, काटा इथं आला की गुमान खाली उतरायचं. तिथं खूण पाहिजे होती. पेन्सिल पुसून जायची. मी औरंगपुऱ्यातून नखपॉलिशची बाटली आणली, लालभडक, आणि पांढऱ्या तबकडीच्या काचेवर रेघ ओढली. यांची बोटं जाड, म्हणून मीच ओढली. क्लबातली पोरं लई चिडवायची, की साहेब आभाळात गेले तरी बायकोच्या रेघेत राहतात. हे म्हणायचे, राहतो बाबा, म्हणून तर घरी जेवायला मिळतं. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

विमानात आतला दिवा एकच, डोक्यावर, पांढरा. त्याचा उजेड कमीजास्त करायचं बटण जळालेलं. लावला की भसकन सगळा लागायचा, आणि उजेडातल्या खोलीतून अंगणात बघावं तसं बाहेरचं काहीच दिसायचं नाय. वहाबभाईंनी भंगारातून दुसऱ्या कुठल्या विमानाचा लाल काचेचा दिवा शोधून आणला आणि त्याला फिरवायचं बटण बसवलं. लाल उजेडात डोळ्याची अंधाराची सवय मोडत नाय म्हणे. ते खरंच होतं, त्यात त्यांचं काही चुकलं नाय. भर दुपारी शेडमधी लावून बघितला, मस्त मंद होत होता. रात्रीचं उडणं जवळजवळ नव्हतंच, त्यामुळं अंधारात बसून तबकडी कोण बघणार?

दिवाळी तोंडावर आली होती. हे शेटला घेऊन पुण्याला गेले होते. शेटनं तिथं ताटकळत ठेवलं आणि संध्याकाळी म्हणतो कसा, मी आज इथंच थांबतो, तुम्ही जा. हे एकटेच निघाले, तेही उशिरा. त्या दिवशी आम्हाला माझ्या भावाकडं जेवायला जायचं होतं, म्हणून मी नटूनथटून क्लबावर येऊन बसले होते. अंधार पडला, धावपट्टीचे दिवे लावले, विमानाची घरघर ऐकू आली आणि नेमकी लाईट गेली. तेव्हा लाईटीचा काय भरवसा! रामकिसन वॉचमन जनरेटरची दोरी ओढून ओढून दमला, पण ते काही चालू व्हायला तयार नव्हतं.

ऑफिसातला रेडिओ बॅटरीवर होता. वहाबभाईंनी यांना विचारलं, पेट्रोलचं काय? हे म्हणाले, काटा अजून रेघेला टेकला नाय, निवांत होऊ द्या. रोजची सवय, लाल दिसलं की उतरायचं. आकडे कोण वाचत बसतंय? लाल दिसलं नाय म्हणजे वेळ हाय. त्यामुळं आम्हीही निवांत. जीप होती, कंदील होते, ते पट्टीवर नेऊन उजेड करता आला असता. पण हेच वरून निवांत म्हणतायत म्हटल्यावर सगळे त्या मेल्या जनरेटरभोवती गोळा झाले. मी भावजयीचा स्वयंपाक निवत असंल म्हणून धुसफुसत होते.

खोलीत काळोख, म्हणून रामकिसननं हाताला लागला तो कंदील पेटवून टेबलावर ठेवला. पट्टीच्या टोकाला खड्डा होता, तिथं लावायचा लाल काचेचा कंदील. वहाबभाईंनी रेडिओवरून मान वर केली आणि माझ्याकडं बघतच राहिले.

"भाभी, कुंकू पुसलं काय तुम्ही?"

माझं डोकंच फिरलं. नवरा वर घिरट्या घालतोय आणि हा माणूस काय बोलतोय! जिभेला काही हाड हाय का, म्हणून मी त्यांना झापलं. कपाळाला बोट लावून त्यांच्यापुढं धरलं. बोटावर काहीच दिसेना. माझ्याच बोटावर मला कुंकू दिसेना. वहाबभाईंनी काडी ओढली. काडीच्या उजेडात बोट लाल. काडी विझली, कंदिलाच्या उजेडात परत नुसतं बोट.

वहाबभाईंचा चेहरा उतरला. त्यांनी माईक ओढला आणि यांना सांगितलं, साहेब, लाल दिवा बंद करा, हातातली बॅटरी लावून काटा बघा, लाल उजेडात लाल रेघ दिसत नाय. मग हे बोलले, चहा मागावा तशा आवाजात.

"वहाब, काटा रेघेच्या लई खाली हाय."

मग पळापळ. रामकिसन जीपकडं पळाला, बाकीचे कंदील घेऊन पट्टीकडं. आणि वर इंजिन खोकलं. ते मला आभाळातूनही ऐकू आलं आणि रेडिओतूनही. मला कुठंतरी पळायचं होतं, काहीतरी धरायचं होतं, आणि धरण्यासारखं तिथं काही नव्हतं. वहाबभाईंनी माईक माझ्या हातात दिला. म्हणाले, "बटण दाबलं की तुम्ही बोलायचं, पण तेव्हा त्यांचं ऐकू येणार नाय. सोडलं की त्यांचं ऐकू येईल. दोघांना एकदम नाय बोलता येत, भाभी." आणि तेही पळाले.

मी बटण दाबलं. अहो, मी हाय इथं, एवढंच बोलले आणि सोडलं.

तोवर इंजिन बंद पडलं होतं. एरवी यांचा आवाज रेडिओवर घरघरीत बुडालेला असायचा. आता मागं घरघर नव्हती, शेजारच्या खोलीतून बोलावं तसा स्वच्छ आला. म्हणाले, "जीपचा उजेड दिसतोय. पोचतो का बघतो." मग म्हणाले, "आशा," आणि थांबले.

मला वाटलं पुढं बोलतील. मी बोलले आणि त्यांचा शब्द बुडाला तर, या भीतीनं मी बटण दाबलंच नाय. त्यांनीही तिकडं बटण सोडून कान लावला असंल, आता ही बोलंल म्हणून. मला लई सांगायचं होतं. त्यांनाही असंलच. रेडिओ नुसता सूं सूं करत होता. मी अंगठा बटणावर ठेवून त्यांच्या बोलण्याची वाट बघत होते आणि ते माझ्या.

पट्टीच्या अलीकडं तुरीचं वावर होतं, तिकडून आवाज आला. जीप त्या बाजूला वळली, माणसं ओरडत धावली. मी खोलीतनं हलले नाय. बटणही दाबलं नाय, न जाणो, ते बोलायला लागतील.