झाडपाला

माझ्या हाताला गुण आहे, असं माहेरी सगळे म्हणायचे. त्याच हातानं मी एका पोरीचं वाटोळं केलं.

क्रिझेल आमच्या सिंगापूरमधल्या टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये एक खोली भाड्यानं घेऊन राहायची. फिलिपिन्समधल्या इलोइलोची, सव्वीस वर्षांची. पहाटे स्वतःचा बटरफ्लाय पोहण्याचा सराव, मग दिवसभर लोकांच्या पोरांना पोहायला शिकवणं. देशाच्या संघातली जागा दोनदा थोडक्यात हुकली होती. दोन्ही वेळा अमेरिकेत वाढलेल्या फिलिपिनो मुली आल्या आणि जागा घेऊन गेल्या. यंदा सिंगापूरच्या खुल्या स्पर्धेत ठरलेली वेळ गाठली, की संघात नाव नक्की होतं. "लास्ट चान्स, आँटी," म्हणायची.

आणि नेमका त्याच आठवड्यात तिला खोकला झाला. मी आमच्या सांगलीच्या वैद्यांची पुडी मधात कालवून पुढे केली. तिनं विचारलं, "यात काय आहे? आमची डोपिंगची तपासणी असते. लेबल नसलेलं मी काही घेत नाही."

झालं! माझा पारा चढला. "अगं, मी काय तुला विष घालतेय? झाडपाला आहे नुसता!" बोलले इंग्रजीत, पण तोरा अस्सल पुणेरी. माझा उतरलेला चेहरा बघून तिनं ते चाटण घेतलं. पुढे पाच दिवस घेतलं, स्पर्धेच्या सकाळीसुद्धा. केवळ माझं मन मोडू नये म्हणून हो!

तिनं वेळ गाठली. ओल्या अंगानं मला मिठी मारून रडली. मी आपली फुशारून म्हणतेय, "बघ, गेला की नाही खोकला?"

तीन आठवड्यांनी तिला डोपिंग समितीचं पत्र आलं. तपासणीत एफेड्रिन हे बंदी असलेलं उत्तेजक सापडलं होतं. मी वैद्यांना फोन लावला. "सोमलता असते त्यात, त्यातून येत असणार," ते सहज म्हणाले. मी ते तसंच क्रिझेलला जाऊन सांगितलं.

क्रिझेल म्हणाली, "पुडी तुम्ही खोकल्यासाठी दिलीत, एवढं समितीला लिहून द्या. मुद्दाम घेतलं नाही हे पटलं, तर ताकीद देऊन सोडतील." मी लगेच हो म्हटलं. रवींद्रनं, माझ्या नवऱ्यानं, मोडता घातला. "आपला इथल्या नागरिकत्वाचा अर्ज आत आहे आणि तू लिहून देणार, मी बिनलेबलची औषधं वाटते म्हणून? डोकं फिरलंय का?" तासभर भांडले मी. शेवटी त्यानं मजकूर सांगितला आणि मी भित्री मेली, सही करून मोकळी झाले. आपण तिला फक्त आलं-मध दिलं होतं, असं लिहिलं.

समितीनं दोन वर्षांची बंदी घातली. माझ्या पत्रामुळे तिचा खुलासा खोटा ठरला, असं निकालात स्पष्ट लिहिलं होतं.

ती सामान बांधत होती तेव्हा मी दारात जाऊन उभी राहिले.

"घाबरलात ते समजलं," ती वर न बघता म्हणाली. "मग पत्र द्यायला नाही म्हणायचं होतं. मी वैद्यांना गाठलं असतं, काहीतरी केलं असतं. आता माझी आई रोज फोनवर विचारते, खरं सांग, तू काय घेत होतीस?"

"लाव तिला फोन," मी म्हटलं. "मी सांगते तिला सगळं खरं."

"तिनं तुमचं पत्र वाचलंय, आँटी," ती म्हणाली आणि बॅगेची चेन ओढली.