एक पाऊल जमिनीवर

मी एक जुना गुडघा आहे. हसू नका, मित्रांनो! जुना म्हणजे सात वर्षांचा. पण ज्यांच्या पायात मी राहतो त्या शिवणबाई सत्तरीला टेकल्या आहेत, आणि त्यांच्या संगतीत मलाही स्वतःला जुना म्हणवून घ्यायची हौस वाटू लागली आहे.

माझा जन्म कारखान्यातला. वरचा भाग चकचकीत धातूचा, खालची बैठक दुसऱ्या धातूची, आणि दोघांच्या मधे पांढऱ्या, गुळगुळीत प्लास्टिकची चकती. मला घासणाऱ्या कारागिराने मला उजेडात धरून इतक्यांदा फिरवले, की मी दागिना होणार अशीच माझी समजूत झाली. मग मला पाकिटात घातले, पाकीट खोक्यात आणि खोके कपाटात. तिथे अंधारात पडल्या पडल्या मी म्हणे, देवा, मला घडवणारे हात तू घडवलेस, तर माझ्यासाठी कुठेतरी एखादा पायही राखून ठेवलाच असशील.

ठेवला होता! उजवा.

शिवणबाई चाळीस वर्षे पायाने चालवायच्या शिलाई मशीनवर बसत. सगळा जोर उजव्या पायाचा. गुडघ्यातली गादी झिजून हाडावर हाड घासू लागले होते. आठवड्यातून एकदा त्या प्रार्थनामंदिरात उभ्याने गाऊन प्रवचन सांगत. थोडी गोष्ट, मग गाणे, पुन्हा गोष्ट, आणि पुढे बसलेली माणसे कधी हसताहेत, कधी डोळे पुसताहेत. डफावर साथीला त्यांचे धाकटे दीर. हे निवृत्त टपालवाले; उभा जन्म चालण्यात गेलेला, आणि उरलेला चालण्याच्या बढाया मारण्यात. शेवटी शेवटी बाईंना उभे राहवेना. खुर्चीत बसून त्यांनी प्रवचन सांगितले, त्या दिवशी घरी येऊन त्या म्हणाल्या, "भाऊजी, बसून देवाशी बोलता येतं, पण लोकांना देवाकडे न्यायचं तर उभं राहावं लागतं." आणि त्या शस्त्रक्रियेला तयार झाल्या.

पण खरे कारण निराळे होते. ते त्यांनी फक्त भाऊजींना सांगितले होते. गावात दर वर्षी चालण्याची शर्यत होई. जुन्या पुलापासून तलावापर्यंत एकवीस किलोमीटर, साडेचार तासांत. धावायचे नाही, कोणत्याही क्षणी एक पाऊल जमिनीवर हवेच. त्या शर्यतीचे छातीवर बांधायचे कापडी क्रमांक बावीस वर्षे शिवणबाईच शिवत. कडा दुमडायच्या, टीप मारायची, चारी कोपऱ्यांना बंद लावायचे. हजारो क्रमांक त्यांच्या मांडीवरून गेले, छातीवर एकही आला नाही. बाईंना तो एकदा बांधायचा होता, आणि तो बांधून तलावापर्यंत वेळेत पोचायचे होते. एवढेच.

मित्रांनो, मला डोळे नाहीत; जे दिसले म्हणून सांगतो ते बाईंच्या तोंडून कळलेले. पण फरशी, माती, डांबर, चढ, उतार हे मला तुमच्याआधी कळते. आणि कानही नसले तरी बाई गाऊ लागल्या की ते गाणे हाडांतून थेट माझ्यापर्यंत उतरते. पहिल्या दिवशी दवाखान्यात वॉकरच्या चौकटीच्या आधाराने उभे राहताना त्या हळूच गुणगुणल्या, आणि माझ्या धातूला कंप सुटला. मी कुठे आलो ते मला तेव्हा कळले.

पण घरी आल्यावर काय झाले? मला उशीवर ठेवले! येणारा-जाणारा म्हणे, "जपा हं, नवा आहे." बाई जपू लागल्या. पाणी हातात, जेवण हातात. पाच आठवडे मी उशीवर पडून होतो. कपाटात काय आणि उशीवर काय! मी आखडलो. वाकेनाच.

मग फिजिओथेरपिस्ट आली. वयाने बाईंच्या मुलीएवढी, आवाज मात्र शाळेच्या घंटेसारखा. बाईंनी पहिल्याच दिवशी तिचे नाव ठेवले मास्तरीण.

"आजी, गुडघा शोभेला बसवलाय का?"

"अगं, दुखतं."

"वाकवला नाही तर जन्मभर दुखेल. चला, टाच मागे ओढा. अजून. अजून!"

बाई ओरडल्या. मीही ओरडलो असतो, तोंड असते तर. पण त्या दिवशी मी दहा अंश जास्त वाकलो, आणि मला वाटले, हीच ती! हिनेच मला खरा जन्म दिला.

मग सुरू झाली धमाल. आधी खोलीतून ओटीपर्यंत, मग गल्लीतल्या तिसऱ्या खांबापर्यंत. मग काठी सुटली. मग लाँड्री, मग शाळेची भिंत, मग टपाल कार्यालय. तिथे भाऊजी ओळखीच्यांना थांबवून सांगत, "आमच्या वहिनी. शर्यतीची तयारी चाललीये." समोरचा हसे. भाऊजींना राग येई. बाईंना येत नसे. सहा महिन्यांत आम्ही पाच किलोमीटर चाललो!

बाई चालत ते गाण्यावर. त्यांनी स्वतःच रचलेले एक साधेसे भजन होते:

एक पाऊल तुझे देवा, एक पाऊल माझे.

"उजवं देवाचं," त्या म्हणत, "कारण ते मला नव्याने मिळालं." त्या वेळी माझी छाती फुगे. म्हणजे फुगली असती. तुम्हाला कळले असेलच.

पण खरोखर फुगलो तो आठव्या किलोमीटरला. घरी येईपर्यंत माझ्याभोवती सूज, ऊन ऊन, पाय जमिनीला टेकवेना. बर्फाची पिशवी बांधून बाई पडून राहिल्या. पुढच्या वेळी सात किलोमीटर, पुन्हा सूज. मास्तरीण चिडली.

"आजी, तुम्ही धावता का?"

"देवाशपथ नाही! या वयात धावेन कशी?"

"मग हा बिघडला का? फोटो काढून बघू."

मला केवढी भीती वाटली! क्ष-किरणांखाली मला उभे-आडवे तपासले. मी जागच्या जागी, घट्ट, निर्दोष. मग चूक कोणाची?

ती भाऊजींनी शोधली. ते एरवी पुढे चालत, मिरवत. त्या दिवशी चपलेचा अंगठा तुटला म्हणून मागे राहिले आणि लांबून बघत राहिले. घरी येऊन दारातूनच म्हणाले,

"वहिनी, तुम्ही पळता."

"भाऊजी, तुम्हीसुद्धा?"

"सबंध वेळ नाही. गाणं संपताना! शेवटच्या ओळीला आपण प्रवचनात लय दुप्पट करतो ना? तुमचे पायही दुप्पट होतात. दोन्ही पाय हवेत, आणि सगळा दणका या बिचाऱ्यावर."

त्या बिचाऱ्याने, म्हणजे मी, मनात त्यांचे पाय धरले. असेच होते ते! गाणे शेवटाला आले की बाईंच्या अंगात वारे शिरे, आणि दर चौथ्या-पाचव्या मिनिटाला माझ्यावर घण बसत.

मास्तरीण म्हणाली, "सोपं आहे. गाऊ नका. आकडे मोजा."

बाईंनी आकडे मोजले. सत्तेचाळीसपर्यंत गेल्या आणि जांभई देऊन बाकावर बसल्या. "आकड्यांत देव नाही गं," त्या म्हणाल्या. "माझा पाय उचलतच नाही."

"मग शेवट संथ गा."

बोलायला काय जाते! प्रवचनाची बेचाळीस वर्षांची सवय. चालणे शिकायला आम्हाला सहा महिने लागले. गाणे न पळवता संपवायला त्याहून जास्त. रोज भाऊजी डफ काखेत घेऊन मागून येत आणि शेवटची ओळ आली की दटावत, "धरा, वहिनी, धरा! गाडी घाटात आहे!" बाई दातओठ खात लय धरत.

या सरावाने प्रार्थनामंदिरात मात्र मजा झाली. प्रवचन संपले, बाईंनी शेवटचे गाणे तितक्याच संथ लयीत संपवले, हात जोडले. लोक बसूनच! दुप्पट लय झाली की उठायचे, ही सगळ्यांची सवय. पाच मिनिटे कोणी हलेना. शेवटी पुढचे एक आजोबा म्हणाले, "बाई, पुढची गोष्ट सांगा की!" भाऊजी म्हणाले, "संपलं, आजोबा." आजोबा म्हणाले, "असं कसं संपलं? आम्हाला कळवलं नाहीत!" बाई इतक्या हसल्या की त्यांना भिंतीला टेकावे लागले. पण त्या हसताना मी त्यांचा सगळा भार नीट पेलून उभा होतो, आणि सूज? नावालाही नाही!

दहा झाले, चौदा झाले, अठरा झाले. शस्त्रक्रियेला दीड वर्ष झाले आणि शर्यतीचा दिवस उजाडला. बाईंनी स्वतः शिवलेला क्रमांक स्वतःच्या छातीवर बांधला. बंद बांधताना त्या भजन गुणगुणत होत्या; मला वरपासून खालपर्यंत कळत होते. नियम पुन्हा सांगितले गेले. दोन्ही पाय हवेत दिसले की पंच पिवळी पाटी दाखवणार. तीन पाट्या झाल्या की बाद. सोबत कोणी चालायचे नाही. बघणाऱ्यांनी कडेला उभे राहायचे.

शिट्टी झाली. काय ती पावले, मित्रांनो! शेकडो पावलांचा तो थरथराट मी कधी अनुभवला नव्हता. मला वाटले, साऱ्या गुडघ्यांची जत्रा भरली आहे! सातव्या किलोमीटरला बाई रंगल्या, गाणे संपताना क्षणभर निसटल्या, आणि पहिली पिवळी पाटी. "माझंच चुकलं," त्या पुटपुटल्या. सोळाव्याला उतार होता. उताराने आम्हाला ओढले. दुसरी पाटी.

आता एकही चूक चालणार नव्हती. बाई सावध झाल्या, मंदावल्या. विसावा किलोमीटर संपला तेव्हा खांबावरच्या घड्याळात अकरा मिनिटे उरली होती. बाईंचा श्वास तुटत होता. डावा गुडघा, माझा जन्मजात शेजारी, कुरकुरू लागला. मी त्याला म्हणालो, "दादा, आज माझ्यावर टाक थोडं."

शेवटच्या वळणावर गर्दी. टाळ्या पडत होत्या. आणि गर्दीच्या पुढे भाऊजी, डफ घेऊन! इतके महिने "धरा, वहिनी, धरा" म्हणणारे आमचे भाऊजी. त्यांनी बाईंना बघितले, तलाव बघितला, घड्याळ बघितले, आणि त्यांना भान राहिले नाही. त्यांचा हात दुप्पट लयीत पडू लागला! शेवट जवळ आला की तो हात तसाच पडायचा. बेचाळीस वर्षांची सवय फक्त बाईंचीच थोडी होती! टाळ्याही डफाच्या मागे धावल्या. धडधड, धडधड. पिवळी पाटी हातात धरून पंच अगदी समोर उभा.

बाईंची टाच उचलली. माझ्यावर ताण आला. मी ओळखले, आता झेप! हे एक पाऊल पळाले की संपले सगळे.

आणि बाई गाऊ लागल्या. मोठ्याने. फाटक्या आवाजात, अगदी संथ.

एक पाऊल... तुझे देवा...

डफ एका लयीत, बाई दुसऱ्या. मी कोणाचे ऐकू? पण डफ कानांत होता आणि गाणे हाडांत. मी हाडांचे ऐकले. टाच टेकली, मगच डावा उचलला. डावा टेकला, मगच मी. भाऊजींनी त्यांच्याकडे बघितले, जीभ चावली, आणि त्यांचा हात तिथल्या तिथे उतरला. बाईंच्या लयीवर आला. टाळ्याही हळूहळू उतरल्या. सगळी गर्दी एका संथ ठेक्यावर! पाऊल लांब पडू लागले. पळत नव्हते, लांबत होते. एक, एक, एक.

आम्ही रेघ ओलांडली तेव्हा पन्नास सेकंद उरले होते.

बाई थांबल्या. दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवले. मग भाऊजींकडे वळून म्हणाल्या, "आता वाजवा, मेल्या! आता दुप्पट!" चारचौघांत त्यांनी दिराला 'मेल्या' म्हटलेले मी पहिल्यांदाच ऐकले. डफ कडाडला, आणि बाईंनी उभ्या जागी, टाळ्या वाजवत, शेवटची ओळ अशी उडवली की पंचाने पिवळी पाटी काखेत मारून ठेका धरला. मास्तरीण रडत होती आणि रडता रडता ओरडत होती, "आजी, बसू नका, चालत राहा! लगेच बसायचं नाही!"

मित्रांनो, लोकांनी माझे फार कौतुक केले. पण मी काय केले? ज्या लयीत मला चालवले त्या लयीत चाललो. मला कोणी नुसते जपले तेव्हा मी आखडलो, कोणी बेभान पळवले तेव्हा सुजलो; आणि कोणी ऐकत ऐकत वापरले, तेव्हा त्यांना तलावापर्यंत घेऊन गेलो. तुमचे दोन्ही गुडघे तर कारखान्यात मिळत नाहीत. ते देवाने स्वतः, पाकिटाशिवाय, जन्माबरोबर पाठवले. त्यांना उशीवर ठेवू नका आणि उगाच आपटूही नका. मांडी घालून हे वाचत बसला असाल तर पाय सोडा, गुडघ्यांवरून एकदा हात फिरवा आणि उठा. दोघे केव्हाचे वाट बघत असतील.