अर्धी खूण

निजामाचं एवढं मोठं राज्य पाच दिवसांत आडवं झालं आणि आमचं सत्तर उंबऱ्यांचं गाव तगलं. का, ते मला विचारू नका. लोक विचारतात आणि माझं डोकं फिरतं.

गावाचं एक पेव होतं. माळावर खोल खणलेलं, जोंधळ्यानं भरलेलं, वर माती सारखी केलेली. वाईट दिवसांतच उघडायचं. त्याची खूण दोन घरांत वाटलेली. विहिरीपासून चिंचेकडं किती पावलं, ते आमच्या घराला ठाऊक. तिथून कुठं वळायचं आणि पुढं किती, ते खाजामियाँ मुलाण्याच्या घराला. हे वाडवडलांनी प्रेमानं केलं असं कुणी म्हणालं की मला हसू येतं. त्यांचा एकमेकांवर काडीचा भरवसा नव्हता.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात रझाकारांनी घरं धुऊन नेली. राज्य पडल्यावर उरलंसुरलं भलत्याच टोळक्यांनी नेलं. खाजा बायकापोरांना घेऊन माकणीला पाहुण्यांकडं लपला. पलीकडचं गाव ओस पडलं होतं, आमच्याकडंही गाड्या जुंपायला लागल्या होत्या.

"बलभीम, पेव दाव," आण्णासाहेब पाटील पारावर म्हणाले.

"माझ्याकडं अर्धीच खूण हाय, पाटील. खाजाला आणावं लागंल."

"आत्ता? लोक मुसलमानांवर लई चिडल्यात. त्यापरीस माळ खणू."

"खणा की. चाळीस एकर हाय."

मी धडधडीत खोटं बोललो. नऊ वर्षांचा असताना माळावरच्या बोरीच्या झाडामागं लपून मी खाजाच्या बापाची पावलं मोजली होती. पेव मी डोळे झाकून दाखवलं असतं. पण दाखवलं असतं, तर खाजाला आणायला कोण गेलं असतं? दोन दिवस लोकांनी माळ उकरला. माझी पोर महानंदा भुकेनं रडली, तरी मी गप्प. मी चांगलं करत होतो की पाप, मला कळत नव्हतं. अजूनही कळत नाही.

तिसऱ्या दिवशी पाटील स्वतः माकणीला गेले. त्यांच्या गाडीत शेजारी बसलेल्या खाजाला कुणी हात लावला नाही.

पेवाचं तोंड उघडलं. आतली हवा वाईट असते, म्हणून कंदील खाली सोडून आम्ही दोघं काठावर थांबलो.

"बोरीमागं तू हुतास," खाजा हळूच म्हणाला. "बापानं बघितलं हुतं."

"मग तू कवा बोलला का न्हाईस रं?"

"उन्हाळ्यात रझाकार माझ्या दारात आलते. पेव दाव म्हणले. म्या म्हणलं, अर्धीच खूण हाय, बलभीमबिगर सापडायचं न्हाय. लई मारलं."

"खरंच हुतं की ते."

"कुठलं खरं? तुझ्या बापाची पावलं म्या कवाच मोजलीती."

मला त्याचा रागच आला. रडूही आलं.

पुढच्या साली पेव पुन्हा भरलं. मी महानंदाला आमची अर्धीच खूण सांगितली. मग खाजा त्याच्या पोराला, चाँदपाशाला, पावलं दाखवायला निघाला, आणि बोरीमागं महानंदाचा परकर दिसला. खाजालाही दिसला.

आम्ही दोघांनी तोंड फिरवलं.