समईवर नाचणारी नळी

नवरात्राच्या सातव्या माळेला सुरतेतल्या उधन्याच्या एका खानदेशी गल्लीत सकाळपासून पाय ठेवायला जागा नव्हती. चिंधा आप्पांच्या पुढच्या खोलीत गादीवर एक कारवानी जातीची कुत्री पडली होती. तिच्या आचळांतून दूध ठिबकत होतं आणि लोक रांगेनं येऊन तिला कुंकू लावत होते. उशाशी योगराज महाराज मांडी ठोकून बसलेले, हातात बोटभर काचेची नळी. नळी समईच्या ज्योतीवर धरली की आतल्या दुधट पाण्यातले पांढरे कण तळातून वर चढत, खाली येत, पुन्हा वर चढत.

"पिल्लांचा बाप मेला त्याला दोन महिने झाले," महाराज सांगत होते. "बीज अजून नाचतंय. डॉक्टर लोक जीव गारठ्यात ठेवतात. गारठ्यात काय ठेवतात, ठाऊक आहे ना? मुडदे. जिवाला ऊब लागते, ऊब."

लोक माना डोलवत होते. पर्वत पाटिया भागातून रिक्षा करून आलेल्या एका बाईनं तर ती नळी आपल्या सुनेच्या ओटीला लावून घेतली. सून बिचारी लाजेनं लाल झाली, पण सासूपुढे बोलणार काय.

दाराशी डॉक्टर धनश्री उभी होती, खांद्याला सोनोग्राफीचं छोटं यंत्र अडकवून. ती जनावरांची डॉक्टर आणि याच गल्लीत वाढलेली. तिचे वडील आणि आप्पा एकाच लूमच्या खात्यात, यंत्रमागावर, कामाला होते. ती नळी तिनंच भरली होती. म्हणजे आत काय आहे हे महाराजांपेक्षा तिला चांगलं ठाऊक होतं, आणि त्या ठाऊक असण्याचा त्या खोलीत कवडीचा उपयोग नव्हता.

नळीतलं बीज होतं भुऱ्याचं. भुऱ्या हा आप्पांच्या मुलाचा, ललितचा कुत्रा. ललितनं तो अमळनेरकडून पिल्लू असताना सदऱ्यात घालून आणला होता. दोन वर्षांपूर्वी कापड रंगवायच्या डाइंग हाउसमधल्या अपघातात ललित गेला. मागे त्याचं म्हणून चालतंबोलतं राहिलं ते एवढंच. त्याची आई मालतीबाई त्या दिवसापासून दोन घास खाऊन ताट बाजूला सारायची आणि भुऱ्याशी बोलत बसायची. पुढे भुऱ्याही म्हातारा झाला, मागचे पाय गेले, काळीज थकलं. त्याचं एक तरी पिल्लू घरात राहावं म्हणून गावाहून चांदणी ही तरणी कुत्री आणली. ती श्रावणात माजावर आली, पण भुऱ्याला उभंही राहवेना.

तेव्हा धनश्रीनं उपाय काढला. शुक्रवारी तिनं भुऱ्याचं वीर्य काढलं, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, चांगलं वळवळत होतं. ते टिकवायच्या द्रावणात मिसळून तिनं हळूहळू थंड केलं. फ्रीजमध्ये, पण बर्फात नव्हे. बर्फानं पेशी फुटतात आणि उबेनं त्या धावून धावून दमतात. नुसत्या गारव्यात मात्र त्या निजल्यासारख्या राहतात आणि चार-पाच दिवस तग धरतात. चांदणीच्या रक्ततपासणीप्रमाणे सोमवार-मंगळवार हेच तिचे गर्भ धरायचे दिवस होते. शनिवारी भुऱ्या गेला. नळी तेवढी उरली.

आणि रविवारी होती कानबाई, श्रावणात घरोघरी बसवतात ती देवी. खानदेशी घरात कानबाईचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, भाऊबंदांतच संपवायचे असतात, उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचे नसतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं रोटांसाठी सव्वा मूठ गहू घेतात, आणि मालतीबाईनं ललितच्या नावाची मूठ सोडली नव्हती. मग घराचं बी त्या दिवशी परक्याच्या फ्रीजमध्ये का, असं तिनं दवाखान्यात येऊन विचारलं. धनश्रीला नाही म्हणवेना. तिच्याही घरी कानबाई बसली होती. फ्रीजमध्ये दुधाशेजारी ठेवा, हलवू नका, एवढं बजावून तिनं डबा दिला.

दर्शनाला आलेल्या योगराज महाराजांनी नळी फ्रीजमधून काढायला लावली आणि कानबाईपुढच्या समईला टेकवून ठेवली. सोमवारी धनश्री बीज गर्भाशयात सोडायचं सामान घेऊन दारात आली, तर मालतीबाई हात जोडून उभी. ती म्हणाली, महाराजांनी सुई नको म्हटलंय. दशरथाच्या राण्यांनी पायसच खाल्लं ना, मग चांदणीला पेढ्यातून द्यायचं. आज गेला दिवस सहा महिने परत येणार नाही, असं धनश्रीनं दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला जीभ रेटेना. ती सामान घेऊन परत फिरली.

चार दिवसांनी आप्पा सदऱ्याखाली नळी लपवून दवाखान्यात आले. धनश्रीनं थेंब काचेवर घेतला. एकही पेशी हलत नव्हती. आप्पांनी स्वतः डोळा लावून पाहिलं आणि नळी पुन्हा सदऱ्याखाली घातली.

"तिले काही सांगू नको, बेटा," ते म्हणाले. "ती आते कोठे जेवाले लागनी शे."

ते नळी परत ठेवून आले. त्यातलेच दोन थेंब पेढ्यात घालून महाराजांनी चांदणीला चारले आणि उरलेली नळी दर्शनाला ठेवली. झाकण कधी उघडलं असतं, तर दोन महिन्यांच्या त्या वासानंच गर्दी पांगली असती. पण पवित्र वस्तूचं झाकण कोण उघडणार?

तर सातव्या माळेला धनश्रीनं गर्दीतून वाट काढली आणि चांदणीच्या पोटावर यंत्र फिरवलं. पडद्यावर रिकामं गर्भाशय दिसत होतं. इतक्या दिवसांचं पिल्लू असतं तर कणा, बरगड्या, धडधडणारं काळीज, सगळं मोजता आलं असतं. कुत्री माजावर येऊन गेली की दीड-दोन महिन्यांनी, नर पाहिला नसला तरी, तिचं अंग फुगू शकतं, दूध येऊ शकतं, असं तिनं सगळ्यांना समजावलं. शेजारच्या सुमननं दुजोराही दिला. तिची पॉमेरेनियन कुत्री कधी घराबाहेर गेली नव्हती, तरी गेल्या वर्षी चपलेला पिल्लू समजून पाजत बसली होती. दोघी-चौघी हसल्या. गर्दी जरा सैल झाली.

"आणि हे नाचतंय ते?" महाराजांनी नळी उंच धरली.

धनश्रीनं पिशवीतून तसलीच नळी काढली. आत नुसतं द्रावण होतं, वीर्याचा थेंब नव्हता. तिनं ती समईवर धरली. कण तसेच वर चढले, तसेच खाली आले. तळ तापला की तळचं पाणी हलकं होऊन वर चढतं आणि सोबत गुठळ्या नेतं. चहाच्या पातेल्यात रोज दिसतं ते.

"पण या गुठळ्या कसल्या?" मागून कुणीतरी विचारलं.

धनश्री खरं बोलली. "अंड्याच्या बलकाच्या. बलकानं पेशी गारव्यात जपल्या जातात."

मग एक म्हातारी पुटपुटली, कानबाईपुढे अंडं. नवरात्रात घटापुढे अंडं. कुंकवाची ताटं मागे सरकली. जिनं नळी सुनेच्या ओटीला लावली होती, ती पदरानं सुनेचं पोट पुसू लागली. दोन महिने एक माणूस आपल्याला बनवतोय, याचा कुणाला राग आला नाही. राग आला तो अंड्याचा.

महाराजांना आणखी काय हवं होतं? त्यांनी डोळे मिटले, सुस्कारा टाकला. "तरीच. गर्भ राहिला होता. या पोरीनं देवीला बाटवलं, गर्भ विरला. माझा मंत्र कुठं कमी पडला सांगा." आणि कमंडलू उचलून ते सन्मानानं बाहेर पडले. मागून चार जण त्यांच्या पाया पडत गेले. धनश्रीला मात्र पायरीवरून उतरायला कुणी वाट देईना. आप्पा सारं जाणून होते. ते भिंतीकडे बघत उभे राहिले. तिला त्यांचा राग आला आणि कीवही आली.

दसरा गेला. चांदणीचं दूध आटलं, पोट उतरलं. महाराज पर्वत पाटियाला त्या सुनेच्या घरी मुक्कामाला असल्याचं ऐकू आलं.

दिवाळीच्या आधी एका दुपारी मालतीबाई चांदणीला घेऊन दवाखान्यात आली. बाई पुन्हा हडकली होती. बाकावर बसून तिनं विचारलं, "त्या सोमवारले मी नळी तुले दिधी असती, तं पिल्लं जन्माले येती का?"

'नाही काकू, तसंही जमलं नसतं,' एवढं म्हटलं की बाई सुटली असती. पण ऐकणाऱ्याला बरं वाटेल ते बोलायचं, हाच तर महाराजांचा धंदा होता.

"खात्री नव्हती, काकू," धनश्री म्हणाली. "पण रविवारी तुम्ही नेलं तेव्हा ते जिवंत होतं, एका रात्रीच्या उबेनं सगळं संपलं नसतं. पिल्लं झाली असती बहुतेक."

मालतीबाई रडली नाही. तिनं चांदणीची साखळी हाताला गुंडाळली.

"मंग तू ती मना हातमाईन हिसकी का नही लिधी?"

धनश्रीची शक्कल चुकली नव्हती, यंत्र चुकलं नव्हतं. नडला तो तिचा भिडस्तपणा.

वाचकहो, बाबाबुवांची नळी कशी नाचते हे आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक असतं. पण शेजाऱ्याला वाईट वाटेल, सणाचा दिवस आहे, मोठ्यांपुढे कसं बोलायचं, म्हणून आपण गप्प राहतो आणि सगळं संपल्यावर यंत्र घेऊन जातो. डोळ्यांनी दिसेल ते तपासा, आणि जे कळलं ते सोमवारीच बोला. तिसऱ्यांदा बोला, चौथ्यांदा बोला. मंगळवारनंतर त्या शहाणपणाचा मालतीबाईला काही उपयोग नाही.