दोष स्टुलाचा

विमा कंपनीच्या सर्व्हेअरने मोडक्या स्टुलाचा पाय खिडकीच्या उजेडात धरला, उलटसुलट फिरवून पाहिला आणि भिंग खिशात टाकलं.

"सुटलात, मिस्तरी," तो म्हणाला. "चीर बाहेरून आत गेलीय. बाई आधी पडल्या, मग स्टुलावर आदळल्या. तुमच्या मालात काही खोट नाही."

मिस्तरींनी मान डोलावली. स्टूल विकत घेतलेल्या बाईंकडून परत आलेलं खोकं उघडलं तेव्हाच त्यांच्या हे लक्षात आलं होतं. पण आपला माल चांगला आहे असं आपणच म्हणण्याला काय अर्थ? ते विमा कंपनीच्या माणसाने म्हणायला हवं.

"मग आता त्या बाईंना कोण कळवणार?"

"कंपनी कळवेल. तुम्ही मध्ये पडू नका. दावा अजून बंद झालेला नाही. तुमच्या तोंडून 'चुकलं' एवढा शब्द गेला, तरी कंपनी हात वर करेल."

ही अट मिस्तरींना पाठ झाली होती. ऑनलाइन बाजारात माल विकायचा तर विमा काढावा लागे. आपल्या वस्तूने कुणाला इजा झाली, तर भरपाई कंपनी देणार. मात्र विकणाऱ्याने आपण होऊन चूक कबूल करायची नाही, माफीसुद्धा मागायची नाही. सगळा संसार बायकोची माफी मागण्यात गेलेल्या माणसाला हे जडच जात होतं. ती असती तर पोट धरून हसली असती. तिला जाऊन बराच काळ लोटला होता आणि आता ज्याची माफी मागावी असं घरात कुणी उरलं नव्हतं.

सर्व्हेअरला चहा नको होता, पुढच्या कामाला उशीर होत होता. मिस्तरींनी दोन कप काढून ठेवले होते. त्यातला एक त्यांनी परत फळीवर ठेवला.

चहा उकळत होता तेवढ्यात लेकीचा फोन आला.

"बाबा, येऊन गेला का तो?"

"गेला. माल चांगला आहे म्हणाला."

"बघा, मी म्हटलं नव्हतं? तुम्ही त्या बाईंना फोनबिन केला नाहीत ना?"

"नाही गं."

"लिहूही नका. विमा हातचा गेला आणि त्यांचा मुलगा कोर्टात गेला, तर सगळं तुमच्या डोक्यावर येईल. मग मी तुमचं काही ऐकणार नाही. दुकानाला टाळं लावायचं आणि सरळ इकडे यायचं. खोली रंगवून तयार आहे."

खोली खरंच छान होती, ऐसपैस आणि हवेशीर. मागे मिस्तरी तिथे राहायला गेले होते, तेव्हा सगळ्यांनी त्यांना अगदी तळहातावर ठेवलं होतं. पाण्याचा ग्लास उचलायला गेले तरी कुणीतरी धावत येई. एकदा ते दाराची सैल झालेली बिजागरी आवळायला बसले, तर जावयाने हसत हसत त्यांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतला. घरी परतल्यावर भुशाचा वास नाकात शिरला तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला होता.

चहा घेऊन ते कामाच्या बाकावर बसले आणि त्यांनी फोनवर बाईंचे निरोप पुन्हा उघडले. पडून आईचा हात दुखावला म्हणून दावा बाईंच्या मुलाने लावला होता. बाईंनी स्वतः भरपाईचं नावही काढलं नव्हतं.

"दिवा बदलायला चढले होते. स्टूल मोडलं म्हणूनच पडले ना मी? तुम्ही बनवलंय, तुम्हाला कळेल."

दुसरा निरोप नंतर कधीतरी आलेला.

"मुलगा म्हणतो, तुझा तोल जातो, आता एकटीने राहायचं नाही. येत्या रविवारी घर बंद करून मला न्यायला येतोय. तुम्ही सांगितलंत तर तो ऐकेल."

आणि तिसरा, अगदी छोटा.

"वाचताय ना?"

मिस्तरी वाचत होते, रोज वाचत होते. आता कंपनीचं पत्र जाणार, त्यात तोल बाईंचाच गेला असं छापलेलं असणार, आणि मुलगा ते पत्र आईसमोर धरणार. खरं तेच लिहिलेलं असेल, त्यामुळे बाईंना बोलायलाही जागा राहणार नाही. मिस्तरींना त्यांचं वाईट वाटलं, आणि आपल्या सुटकेचा मघाशी झालेला आनंद नकोसा झाला.

ते उठले. एका नव्या स्टुलाच्या सांध्याला सरस लावायला घेतला, अर्ध्यावर सोडला आणि पुन्हा फोनपाशी आले. एका बोटाने, खाडाखोड करत त्यांनी लिहिलं.

"बाई, दोष स्टुलाचा होता. सांधा माझ्याकडून कच्चा राहिला. तुमचा तोल गेला नव्हता. मला माफ करा. हात कसा आहे? दिवा बदलायला मात्र यापुढे कुणाला तरी बोलवा."

दुकानाचं ऑनलाइन खातं लेकीनेच उघडून दिलेलं होतं. इथला प्रत्येक निरोप तिच्या फोनवरही दिसे. मिस्तरींना भीती वाटली, चांगलीच वाटली. रंगवलेली खोली डोळ्यांपुढे आली. मग त्यांनी निरोप पाठवून दिला.

चहा निवायच्या आत उत्तर आलं.

"अहो, खोटं कशाला बोलता? मला चक्कर आली होती. स्टूल चांगलं होतं, मीच त्याच्यावर आदळले. पण 'तुझी चूक नव्हती' असं मला कुणीतरी एकदा म्हणावं, असं फार वाटत होतं. तुम्ही म्हणालात, बरं वाटलं. तुमचा निरोप मी मुलाला दाखवणार नाही. त्याला आज मीच खरं काय ते सांगते. हात बरा आहे."

मिस्तरींनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि सगळं पुन्हा वाचलं. तेवढ्यात खाली आणखी एक ओळ उमटली.

"एक विचारू? तुम्हीही एकटेच राहता ना?"

हा प्रश्न एव्हाना लेकीच्या फोनवरही पोचला असणार. आणि त्याचं उत्तरही पोचणार. मिस्तरींनी 'हो' लिहिलं आणि बोट उचललं. जरा वेळाने त्यापुढे लिहिलं, "सवय झालीय असं लेकीला सांगत असतो. झालेली नाही."

आणि पाठवून दिलं.