हाताला चुना

धाकट्याने बाटली हलवली, नाण्याएवढा पांढरा थेंब तळहातावर घेतला आणि हात एकमेकांवर चोळले. मग दोन्ही हात हवेत धरून तो बाबांच्या पलंगापाशी उभा राहिला. वाळेपर्यंत कशाला शिवायचे नव्हते. त्यामुळे रोज सकाळी त्या खोलीत थोडा वेळ एक माणूस हात वर करून उभा असे आणि दुसरा पडल्यापडल्या त्याच्याकडे बघत असे. दरोडा पडलाय आणि पिस्तूल अंथरुणातल्याकडे आहे, असा एकंदर देखावा.

"लावलास चुना?" बाबांनी विचारले.

"चुना नाही बाबा. खडूची पूड असते, स्पिरिटमध्ये कालवलेली. हात घसरत नाही. भिंत चढताना लावतात."

"मग मी काय भिंत आहे?"

"भिंत परवडली. ती बोलत नाही."

धाकटा ज्या हॉलमध्ये खोट्या कड्यावर चढायला जाई, तिथे कोरड्या पुडीला बंदी होती, धूळ उडते म्हणून. म्हणून ही बाटली. त्याचे तळवे मुळातच घामट. बाबांच्या पायांतली ताकद गेल्यापासून त्यांना पलंगावरून चाकांच्या खुर्चीत आणि परत पलंगावर तोच ठेवत असे, रात्रीतूनही दोनतीनदा. मागच्या आठवड्यात पलंग आणि खुर्चीच्या मध्ये बाबा सटकले आणि जमिनीवर बसले. मोडले काही नाही. पण ताईला कळले, आणि तिने एका शुश्रूषागृहात खाट बघून ठेवली. आज ती स्वतःच्या डोळ्यांनी उचलणे बघायला येणार होती. हात पुन्हा घसरला, तर बाबांची रवानगी तिकडे.

खाटेचे ऐकून धाकट्याच्या मनात आधी स्वतःची झोप आली. बाबा नंतर आले. हे त्याने कोणाला सांगितले नव्हते. दिवसभर तो लिफ्टच्या कंपनीत फोनवर बसे आणि अडकलेल्या लोकांना "घाबरू नका, माणूस निघालाय" असे सांगे. माणूस बहुधा जेवत असे. हल्ली फोन ठेवताना धाकट्याला वाटे, त्या लोकांना निदान डोळे मिटून बसायला मिळतेय.

बाबा क्रेन चालवत. उंचावरच्या केबिनमध्ये बसून ते खालच्या माणसाच्या हातवाऱ्यांवर लोखंड उचलत. बोट वर करून गोल फिरवले की उचल. बोट खाली की सोड. हात आडवा, तळवा जमिनीकडे, म्हणजे भार आहे तिथे राहू दे. आता ते एक हात धाकट्याच्या मानेत घालत आणि दुसऱ्याने स्वतःच्याच वजनाला इशारे देत. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या बोटावर नाचलो, आता माझी पाळी, असे त्यांचे म्हणणे.

ताई दातांची डॉक्टर. दारातून आत आली आणि थबकली.

"सकाळी सकाळी?"

"काय?"

"वास येतोय."

"हाताला आहे तो."

"हाताला कशी असेल रे?"

"पीत नाही गं तो," आतून बाबा म्हणाले. "चोळतो."

ताईने फ्रीजवरचे, दाराच्या कडेवरचे, बाबांच्या बनियनवरचे पांढरे पंजे बघितले. पर्स काखेत धरून ती पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली. दाढ किती किडलीय ते बघताना ती अशीच बघत असणार.

धाकटा वाकला. बाबांचे बोट वर जायला हवे होते, पण त्यांनी हात चादरीला पुसला. मग दुसरा पुसला. मग दोन्ही तळवे पुढे केले.

"मलाही लाव."

"तुम्हाला कशाला?"

"घाम येतो."

"कधीपासून?"

बाबांनी ताईकडे बघितले, मग खुर्चीकडे.

"मागच्या वेळी तू नव्हतं सोडलंस," ते म्हणाले.

धाकट्याने बाटली हलवली. बाबांचे तळवे अजून रुंद होते, फक्त कातडे सैल झाले होते. त्याने बोटांच्या बेचक्यांतही चोळले. मग दोघेही हात वर करून वाळायची वाट बघत राहिले. समोर पर्स घेऊन ताई. दरोडा आता तिचा होता.

"इशारा कोण देणार?" धाकट्याने विचारले.

"आज बिनइशाऱ्याचं."

दोन हात त्याच्या पाठीवर येऊन बसले आणि बोटे रुतली. बाबा उचलले गेले, वळले, खुर्चीत टेकले. सगळे बिनबोभाट. हात मात्र पाठीवरच राहिले.

"बाबा, बसलात तुम्ही."

"कळलं मला."

तरी थोडा वेळ ते तसेच राहिले. ताईने खिडकीबाहेर काहीतरी शोधले.

"मी त्या खाटेला नको म्हणून सांगते," ती शेवटी म्हणाली. "तुला चालेल ना?"

बाबा नखांतली पांढरी पूड मन लावून कोरू लागले. धाकट्याला ती झोप दिसली. उशीसकट. ती दारातून निघून चालली होती.

"चालेल," तो म्हणाला.

"मग आज संध्याकाळी मी थांबते इथे. तू जा तुझ्या भिंतीवर. तोंड बघ आरशात, अक्कलदाढेसारखं झालंय."

हॉलमध्ये त्याने पिशवी उलटी केली. बाटली नव्हती. ती खुर्चीत, बाबांच्या मांडीशेजारी खोचलेली त्याने निघताना बघितली होती. मागितली नव्हती.

खालून त्याचा दोर सांभाळणाऱ्या मैत्रिणीला सगळे मुंगी म्हणत. तिने स्वतःची बाटली पुढे केली.

"राहू दे. एकदा असाच जातो."

"पाठीवर काय हे? कोणाशी कुस्ती केलीस?"

तिने मोबाइलवर फोटो काढून दाखवला. काळ्या शर्टावर दोन पांढरे पंजे होते, बोटे फाकलेली.

"वडिलांशी."

"कोण जिंकलं?"

धाकट्याने पहिल्या खाचेत पाय ठेवला. अर्ध्यावर त्याचा ओला हात सुटला आणि तो दोरावर लोंबकळला.

"खाली घेऊ?" मुंगीने विचारले.

त्याने हात आडवा धरला, तळवा जमिनीकडे.

"म्हणजे काय? वर की खाली?"

हात तसाच आडवा राहिला. मुंगीने दोर घट्ट धरला आणि वाट पाहिली. हात हळूहळू खाली आला, मान एका बाजूला कलली. तो झोपला आहे हे तिला जरा उशिरा कळले. शेजारच्या भिंतीपाशी दोघे मोठमोठ्याने बोलत होते. दोर न सोडता तिने एक हात मोकळा केला, त्यांच्याकडे बघितले आणि ओठांवर बोट ठेवले.