आधी अंबरोचं नाव

ऑफिसात काही कामासाठी गेलेल्या बाईला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "घरातला पुरुष कुठाय?" केनियातल्या दादाबच्या निर्वासित छावणीत अंबरो गुलेदने याचं उत्तर इतक्यांदा दिलं होतं, की आता ती म्हणे, "तुझ्यासमोर उभा आहे, नीट बघ!" नवरा युद्धात गेला, तेव्हापासून चहाच्या टपरीवर तिने एकटीने घर ओढलं होतं.

म्हणून मदत संस्थेचा लिबान मोबाइल घेऊन आला आणि "मावशी, घर चालवणाऱ्या बायकांच्या कहाण्या जपून ठेवायच्यात" म्हणाला, तेव्हा ती मोकळेपणी बोलली. सोमालियातून पळताना वाटेत रचलेलं कवनही तिने म्हणून दाखवलं. अट एकच होती. लेक इफ्रा शिकायला नैरोबीला निघाली होती, तिच्यासोबत हे रेकॉर्डिंग जायला हवं. त्या वाटेवर इफ्रा आईच्या पाठीला बांधलेली तान्ही पोर होती. तिला काय आठवणार?

इफ्रा निघायच्या आदल्या दिवशी संस्थेने सगळ्या बायकांना मांडवात जमवलं. स्पीकर सुरू झाला. "एका असहाय निर्वासित स्त्रीची कहाणी," कुणी गोड गळ्याची परकी बाई सांगू लागली. मागे करुण संगीत. हुंदके. शेवटी मदतीची याचना.

इफ्रा आईच्या कानाशी लागली. "आई, ही बिचारी कोण गं?"

अंबरो ताडकन उठली. "चोर! लिबान, चोर आहेस तू!"

लिबान गडबडला. "मावशी, नाव काढलं ते तुमच्याच सुरक्षेसाठी. वरून तसा नियम आहे."

"कोणापासून सुरक्षा? माझ्या टपरीवर हातभर अक्षरांत माझं नाव रंगवलंय! आणि ट्रक कुठे गेला? 'पुरुष सोबत नसेल तर बायका नेत नाही' म्हणाला तो ड्रायव्हर. पोरीला पाठीला बांधून मी चाकापुढे बसले, म्हटलं, घाल अंगावर! ते कुठाय?"

"ते... जरा उद्धट वाटलं असतं. मदत देणाऱ्यांचं मन द्रवायला हवं ना, मावशी."

"त्यांचं मन द्रवावं म्हणून मला रडवलंस? मी त्या दिवशी रडले नव्हते रे मेल्या!"

शेजारची दहाबो त्या वाटेवर अंबरोसोबतच पळाली होती. ती शांतपणे म्हणाली, "लिबान, तुझे वडील लग्नांत कवनं म्हणायचे. तोंड उघडल्यावर आधी काय सांगायचे?"

लिबानची मान खाली गेली. "रचणाऱ्याचं नाव."

"आणि कुणी ते गाळलं तर?"

"बैठकीतून उठवून द्यायचे."

"मग तू अजून बसलायस कसा?"

बायका खो खो हसल्या. अंबरो मात्र हसली नाही. ऑफिसात भाषणं ऐकून लिबानला जे कळलं नव्हतं, ते या एका प्रश्नाने कळलं! उठून त्याने स्पीकरची वायर ओढून काढली.

"चुकलो, मावशी. मूळ आवाज माझ्या मोबाइलमध्ये आहे. इफ्राला तोच देतो, नावासकट, ट्रकसकट. वरचे रागावले तर रागावू देत. दहाबो मावशी, तुमचंही नाव घालतो."

"खबरदार! ज्याच्या तावडीतून सुटले तो माझा दीर अजून मला शोधत फिरतोय. माझं नाव त्या यंत्रात नको."

"पण आत्ताच तर तुम्ही..."

"अरे, अंबरोला हवंय, मला नकोय. तू दोघींनाही विचारलं नाहीस, हा तुझा गुन्हा! नाव गाळ, पण वाटेतलं कुंपण मीच कापलं होतं, तेवढं राहू दे."

तेव्हा इफ्रा उठली. लाजत, अडखळत, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हे रचलं माझ्या आईने, अंबरो गुलेदने. आई, आता पहिली ओळ सांग. निघायच्या आत मला पाठ व्हायला हवं."

अंबरोने आवाज लावला.

नागरिकहो, छावण्या दूर आहेत, पण ही चोरी आपल्याही घराजवळ चालते. संकटातल्या बाईचे अश्रू आपण जपतो, तिची हिंमत कापून टाकतो, आणि वर त्यालाच दया म्हणतो. लाज वाटायला हवी आपल्याला! कहाणी जपायची तर ती जगली तिच्या शब्दांत जपा. आणि तिचं नाव सांगायचं की झाकायचं, हे तिलाच विचारा.